माऊन ते सावुती ते कसाने: वाळूच्या वाटेवर स्वतः गाडी नेताना

बोत्स्वानाच्या उत्तर भागात माऊन आणि कसाने ही दोन गावं आहेत. दोन्हीकडे विमानतळ, पेट्रोलपंप आणि सुपरमार्केट आहे. मधल्या पट्ट्यात मोरेमी अभयारण्य, ख्वाई नदीचा काठ आणि चोबे राष्ट्रीय उद्यानातला सावुतीचा कॅम्प लागतो. नकाशावर पाहिलं तर सगळा मिळून साधारण साडेचारशे किलोमीटरचा मामला. पण पार्काच्या आतल्या वाटेवर तासाला वीस किलोमीटर कापले तरी खूप झालं. त्यामुळे इथलं नियोजन किलोमीटरवर करायचं नाही, तास आणि लिटर यांवर करायचं.

माऊनहून शोरोबेपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर डांबरी रस्ता आहे. पुढे पन्हळी पत्र्यासारखा कच्चा रस्ता लागतो आणि त्याला फाटा फुटतो. डावीकडे मोरेमीचं साऊथ गेट, उजवीकडे माबाबे, म्हणजे चोबे उद्यानाच्या दक्षिण गेटाची बाजू. साऊथ गेट माऊनपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, तिथून मोरेमीतला थर्ड ब्रिज कॅम्प पन्नासेक. हे पन्नास किलोमीटर अडीच-तीन तास खातात. माबाबे गेट ते सावुती हा साठेक किलोमीटरचा तुकडाही तेवढाच वेळ घेतो. मोरेमी टाळून सकाळी सहाला माऊन सोडलं तर संध्याकाळच्या आत सावुती गाठता येतं, पण पहिल्याच दिवशी वाळूत सात तास गाडी चालवणं नवख्या माणसाने अंगावर घेऊ नये. थर्ड ब्रिजला दोन रात्री, ख्वाईला एक, सावुतीला दोन आणि मग कसाने, ही वाटणी सर्वांत सुखाची. वाळूची सवयही टप्प्याटप्प्याने होते.

कधी जावं

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. त्यातही जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. रात्री कडाक्याची थंडी असते, पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून जाड स्लीपिंग बॅग आणि कानटोपी लागतेच. ऑक्टोबरमध्ये प्राणी पाणवठ्यावर गर्दी करतात हे खरं, पण तापमान चाळीसला भिडतं आणि वाळू पिठासारखी मोकळी होते.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. कोरड्या हंगामात ओढेनाले कोरडे असतील असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ओकावांगो नदीचं पाणी अंगोलाच्या उंच भागातून येतं. तिथला पावसाळा जानेवारीच्या आगेमागे, पण सपाट प्रदेशातून सरकत सरकत ते पाणी माऊनच्या बाजूला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. आकाशात ढगाचा पत्ता नाही आणि ख्वाईच्या वाटेवर मात्र गुडघाभर पाणी, असं चित्र असतं ते त्यामुळे.

नोव्हेंबर ते मार्च या पावसाच्या महिन्यांत माबाबेच्या सखल भागातली काळी माती लोण्यासारखी होते. पहिल्या सफरीसाठी हे दिवस सोडून द्या.

आरक्षण, कागद, पैसे

पार्कातल्या कॅम्पमधली जागा आधीच आरक्षित करावी लागते. आरक्षण नसेल तर गेटवरून मुक्कामासाठी आत सोडत नाहीत. थंडीच्या महिन्यांसाठी आठ-दहा महिने आधी हालचाल करा. आरक्षणाची पावती कागदावर छापून घ्या, कारण गेटवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. कॅम्पचे पैसे वेगळे आणि पार्काची प्रवेश फी वेगळी. ही फी माणशी आणि गाडीमागे, दर दिवसाची असते. वन्यजीव विभागाच्या माऊनमधल्या कार्यालयात ती आधीच भरलेली बरी. तरीही थोडे पुला (इथलं चलन) रोख जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की गेटवरचं कार्ड-मशीन बंद पडतं.

गेटची वेळ एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ६ ते संध्याकाळी ६.३० आणि ऑक्टोबर ते मार्च ५.३० ते ७ अशी आहे. पार्काच्या रस्त्यांवर अंधारात गाडी चालवायला मनाई आहे. बाहेरच्या डांबरी रस्त्यावरही दिवस मावळल्यावर जाऊ नका, कारण गाढवं आणि गुरं रस्त्याच्या मधोमध उभी असतात. वाहतूक डाव्या बाजूने चालते.

हिवतापाचा धोका या पट्ट्यात आहे, पावसाळ्यात जास्त. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टरांना निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी विचारा. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. प्रवासाच्या विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, तेही पाहून घ्या.

गाडी ताब्यात घेताना

फोर बाय फोर आणि लो रेंज गिअर (चाकं संथ, पण जास्त जोराने फिरवणारा) असलेलीच गाडी घ्या. दिसायला उंच, पण लो रेंज नसलेली एसयूव्ही इथे चालत नाही. टपावर तंबू बसवलेली टोयोटा हायलक्स किंवा लँड क्रूझर ७९ या भागात सर्वाधिक दिसते. ताबा घेताना किमान एक तास द्या आणि प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने चालवून बघा. माणसाने भराभर दाखवलं आणि आपण मान डोलावली, की ती वस्तू रानात चालत नाही.

लँड क्रूझरच्या जुन्या घडणीच्या गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी तळहातात मावेल अशी गोल चकती असते. तिच्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ अशा दोन खुणा असतात. ही चकती दोन्ही चाकांवर ‘लॉक’कडे पूर्ण फिरवली नसेल, तर आतला लिव्हर फोर व्हीलवर टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. डॅशबोर्डवर दिवा मात्र लागतो, म्हणून माणूस गाफील राहतो. वाळूत रुतलेल्या गाडीची मागची दोनच चाकं फिरताना दिसली, तर आधी ही चकती बघावी. साऊथ गेटला पोचलात की लॉक करा आणि डांबरी लागेपर्यंत तशीच ठेवा.

स्टेपनी दोन हव्यात, आणि दोन्हींमध्ये हवा आहे का ते मोजून पाहा. कॉम्प्रेसर गाडीच्या बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा असावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. हवा मोजायचं वेगळं गेज घ्या. जॅक, नटांचा पान्हा आणि त्याला लावायला लांब नळी असावी. जॅकखाली ठेवायला साधारण ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीची जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच वाळूत खाली जातो. लांब दांड्याचं फावडं, ओढायचा पट्टा, पंक्चर काढायची किट आणि वाळूत चाकाखाली सरकवायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका. विम्याच्या कागदात टायर, काच, गाडीचं पोट आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. ते वाचा.

डिझेल आणि पाणी

माऊन सोडलं की कसानेपर्यंत भरवशाचा पंप नाही. हिशोब असा धरा: साडेचारशे किलोमीटर मूळ वाट, आणि प्राणी बघायला रोज साठ किलोमीटरप्रमाणे पाच दिवसांचे तीनशे. झाले साडेसातशे. डांबरीवर लिटरला दहा देणारी गाडी वाळूत लो रेंजमध्ये सहाच्या आसपास देते. म्हणजे सुमारे १२५ लिटर डिझेल लागणार. ८० लिटरची टाकी आणि २० लिटरचे दोन कॅन म्हणजे थोडं कमीच. आणखी एक कॅन घ्या किंवा मोठ्या टाकीची गाडी मागा. भरलेले कॅन टपावर जास्त चढवू नका. तिरप्या चाकोरीत वरचं वजन गाडी कलंडवतं.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज सहा लिटर धरा. चौघांना पाच दिवसांसाठी १२० लिटर झाले. कॅम्पात नळ आहेत, पण पाण्याच्या वासाने हत्ती पाइप उखडतात. सावुतीच्या न्हाणीघराला किल्ल्यासारखी भिंत घातली आहे ती याचसाठी.

संत्री, मोसंबी, लिंबं गाडीत ठेवू नका. हत्तीला त्यांचा वास लांबून लागतो आणि तो गाडी फोडून ती काढतो. जळाऊ लाकूड पार्काच्या आत गोळा करू नका, बाहेर विकत घ्या.

टायरमधली हवा

या सफरीत गाडीच्या ताकदीपेक्षा टायरमधल्या हवेवर जास्त अवलंबून असतं. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, तेच वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालतं. रुतलेल्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्यांच्या टायरमध्ये डांबरीचीच हवा असते, हे ध्यानात ठेवा.

डांबरीवर लादलेल्या गाडीला पुढे २.२ ते २.४ बार (३२ ते ३५ पीएसआय) आणि मागे थोडी जास्त हवा ठेवतात. शोरोबेनंतरच्या कच्च्या रस्त्यावर १.८ (२६) करा; पन्हळीचे हादरेही कमी होतात. पार्काच्या गेटवर थांबून १.४ (२०) करा. वाळू खोल लागली तर १.२ (१७). पूर्ण फसलातच तर तात्पुरती १.० (साडेचौदा), आणि बाहेर निघताच पुन्हा १.४. यापेक्षा खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटतो. मोजमाप सकाळी, टायर गार असताना करायचं, कारण दुपारी चालून तापलेला टायर दोन-तीन दशांश बार जास्त दाखवतो.

हवा कमी असताना ताशी ४० च्या वर जाऊ नका; पार्काची वेगमर्यादाही तीच आहे. मऊ टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि मोपाने झाडाचे तुटके खुंट तिथेच घुसतात. तळव्याचं पंक्चर किटमधल्या दोरीने बुजतं, बाजू फाटली तर स्टेपनीच लावावी लागते. म्हणून चाकोरी सोडून झुडपातून पळवाट काढायचा मोह टाळा.

वाळूत चालवणं

लांबलचक वाळू समोर दिसली की तिच्यात शिरण्याआधी गिअर ठरवा. मध्यम वाळूला फोर व्हील हाय आणि दुसरा-तिसरा गिअर, खोल वाळूला लो रेंज आणि दुसरा-तिसरा. मधेच क्लच दाबून गिअर बदलला की तेवढ्या क्षणात गाडी बसते. वेग एकसारखा ठेवा, फार जास्त नको आणि तुटक तर अजिबात नको. स्टीअरिंग घट्ट आवळून धरू नका. चाकोरी गाडीला आपल्या वळणाने नेते, तिला नेऊ द्या. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका, चाक मुळावर आपटलं की झटका बसतो.

थांबायचं झालं तर ब्रेक मारू नका. ब्रेकने चाकांपुढे वाळूची उंच पाचर तयार होते आणि निघताना गाडीला आधी तीच चढावी लागते. पाय काढा, गाडी आपोआप थांबेल. जागा निवडायची संधी असेल तर उतारावर किंवा झाडाच्या मुळांनी घट्ट झालेल्या जमिनीवर थांबा.

वाळू सकाळी गार आणि घट्ट असते, दुपारी सैल. अवघड तुकडे सकाळी दहाच्या आत उरका. समोरून गाडी आली, तर ज्याला बाहेर निघणं सोपं त्याने चाकोरी सोडायची, हा इथला रिवाज.

रुतलात तर

चाकं जागच्या जागी फिरू लागली की त्याच क्षणी रेस सोडा. आणखी दोन सेकंद रेस दिली की गाडी पोटावर टेकते आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. हाफ क्लचवर झगडत बसलात तर क्लच प्लेट जळते; तो वास आला की थांबाच.

उतरण्याआधी खिडकीतून चारी बाजूंना पाहा. एकाने टपावर किंवा दारात उभं राहून फक्त राखण करायची, बाकीच्यांनी काम. आधी हवा १.० वर आणा. मग चारी चाकांच्या पुढची-मागची वाळू फावड्याने उतार करत काढा आणि वाकून गाडीच्या पोटाखाली बघा. चाकांच्या दांड्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (डिफचा) गोळा वाळूत गाडला गेला असेल तर तोच नांगरासारखा अडवतो. तो मोकळा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. आता ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे घ्या, कारण ती आधीच दबलेली असते. डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर लावा, पण चाकं सरळ ठेवून, आणि निघाल्यावर काढून टाका. तरीही नाही निघाली, तर पट्ट्या चाकाखाली घट्ट कोंबा. पट्टी सुटून गाडीच्या उलट दिशेने उडते, तेव्हा गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये.

गवत

दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर पावसानंतर गवत वाढतं. एप्रिल ते जूनमध्ये ते कमरेएवढं आणि वाळलेलं असतं. गाडी त्यावरून जाते तेव्हा गवत सायलेन्सरच्या पाइपवर, त्याच्या कवचाच्या फटीत साचतं आणि पेट घेतं. अशा आगीत अख्खी गाडी जाते. त्या दिवसांत दर पंधरा-वीस किलोमीटरला, मोकळी जागा बघून थांबा, पोटाखाली वाका आणि लांब सळईने गवत ओढून काढा. पाइप तापलेला असतो, हात घालू नका. आग विझवायचं सिलिंडर आणि पाच लिटर पाणी सीटजवळ ठेवा, सामानाच्या तळाशी नको. गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत बसूनही इंजिन तापतं. पुढे बारीक जाळी बांधून घ्या आणि ती रोज झटका.

पाणी आणि काळी माती

पाण्यात पायी उतरून खोली मोजू नका. मगर आणि पाणघोडे इथे आहेत, थर्ड ब्रिजच्या नितळ पाण्यातही. आदल्या कॅम्पवर विचारा, ताजे टायरचे ठसे कुठून गेले ते पाहा, दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. बंपरच्या खालपर्यंत पाणी असेल तर साध्या फोर बाय फोरने जाता येतं. त्यावर असेल तर मागे फिरा. पाण्यात शिरण्याआधी पाचेक मिनिटं उभे राहा: तापलेला डिफ एकदम गार झाला की सीलमधून पाणी आत ओढतो. एसी बंद, लो रेंज, दुसरा गिअर, माणसाच्या चालीचा वेग, आणि पलीकडे पोचेपर्यंत क्लचला पाय नाही.

सावुतीचा प्रवाह १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आटला आणि २०१० च्या आसपास पुन्हा भरला. त्यामुळे जुन्या नकाशातली वाट थेट पाण्यातून जाऊ शकते. ताजा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण शोरोबेपुढे बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. माबाबे गेटपासून सावुतीला दोन वाटा जातात. सँडरिज रोडला वाळू आहे, पण तो पावसातही चालतो. मार्श रोड काळ्या मातीचा, कोरडा असताना खड्ड्यांचा आणि ओला असताना घातक. शंका आली की सँडरिज घ्या.

हत्ती आणि कॅम्प

सावुतीच्या वाटेवर हत्ती चाकोरीतच उभा असतो. शंभर मीटरवर थांबा, इंजिन चालू ठेवा, आणि त्याला जाऊ द्या. कान पसरून डोकं हलवत, आवाज करत येणारा हत्ती बहुधा धाक दाखवत असतो. कान मागे आवळून, सोंड आत वळवून गप्प येणारा खरा धावून येतो. गालावरून काळपट ओघळ आणि मागच्या पायांवर लघवीची ओल दिसली तर तो मदात आहे. त्याच्यासाठी आणखी दूर मागे सरका. आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीही घालू नका. मागे जायची वाट मोकळी आहे ना, हे थांबतानाच पाहून ठेवायचं.

कॅम्पला कुंपण नाही. तरस रात्री येऊन बूट, भांडी, चामड्याची पिशवी पळवतं; थर्ड ब्रिजचे बबून (मोठी माकडं) दिवसा उघड्या दारातून अन्न नेतात. टेबलावर काही ठेवून पाठ फिरवू नका, भांडी रात्री गाडीत कुलूपबंद ठेवा. अंधार पडायच्या आत तंबू लावून जेवण उरका. अंधारानंतर न्हाणीघराकडे चालत जाऊ नका. पन्नास मीटर असले तरी गाडीने जा. लहान मुलं हाताच्या अंतरावर हवीत. तंबूच्या जाळीला चेन पूर्ण लावा, उकडलं तरी.

गाडीतला फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर चालतो. दिवसभर गाडी एकाच जागी उभी राहिली तर दुसऱ्या सकाळी तो बंद पडलेला असतो. रोज तासाभर तरी गाडी फिरली पाहिजे.

शेवटचा टप्पा

सावुती ते घोहा गेट तीसेक किलोमीटर, तिथून काचिकाऊ गाव आणखी चाळीसेक. काचिकाऊच्या अलीकडचा चढ वाळूने खोल आहे आणि अनेकांच्या गाड्या इथेच बसतात. सावुतीला उशिरापर्यंत रेंगाळून भर दुपारी इथे येणं टाळा. कॅम्प अकरापर्यंत सोडायचा असला तरी सातला निघा. काचिकाऊला डांबरी लागलं की रस्त्याच्या कडेला घेऊन चारी टायरमध्ये हवा भरा, प्रत्येक टायरला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ इंजिन चालू ठेवायचं. १.४ बारवर डांबरीवरून ताशी ९० ने पळवलेला टायर आतून तापून फुटतो. चकत्या ‘फ्री’कडे फिरवा, डिफ लॉक काढला आहे का पाहा, चाकांचे नट पान्ह्याने आवळा, पन्हळी रस्त्याने ते सैल झालेले असतात. न्गोमामार्गे कसाने इथून सुमारे ९० किलोमीटर आहे. न्गोमाच्या पुढचा रस्ता पार्कातून जातो, डांबरी असूनही हत्ती आडवे येतात. आणि कसानेहून पुढे दक्षिणेला नाटाकडे जाणार असाल, तर कच्चं मटण जवळ ठेवू नका: लाळ्या-खुरकुत रोगासाठी जनावरांची तपासणी-नाकी आहेत, तिथे ते काढून घेतात आणि बुटांचे तळवे व टायर औषधाच्या पाण्यातून नेतात.